माय पेपर खोडायची

आमच्या घरात मधल्या खोलीत धानाची ढोली होती. बांबूच्या कमच्यांची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, माणसाच्या डोक्याच्याही वर जाणारी. विकायचं धान पोत्यात भरून काट्यावर जायचं, त्याच्याशी ढोलीचा संबंध नव्हता. ढोलीत जायचं ते घरच्या खाण्याचं, आणि ते बाबूजी लाकडी कुडवानं मोजायचे. घरोघरी वजनकाटे आले होते, गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात भाजीवाल्या बायाही आकडे दाखवणारा काटा वापरायच्या, पण बाबूजींचा कुडव सुटला नाही. तो भरायचा, वरचं धान तळहातानं सपाट करायचं आणि मोठ्यानं मोजायचं. मोजणी एकपासून सुरू व्हायची नाही. पहिल्या मापाला आमच्याकडे एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. एक म्हटलं की धान तेवढ्यावरच थांबतं, असं बाबूजी सांगायचे. वीस मापं झाली की ढोलीमागच्या भिंतीवर गेरूची एक रेघ. मी विज्ञान शाखेची, बारावीला तालुक्यात नाव काढलेली मुलगी, मला हे सगळं हसण्यासारखं वाटायचं. त्या हसण्याची भरपाई पुढं मलाच करावी लागली, ती कशी, तेच आज लिहायला बसले आहे.

बारावीनंतर मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत माझा नंबर लागला नाही. सातशे वीसपैकी किती पडले, ते मी त्या वेळी दारामागं उभी राहून बाबूजींना सांगितलं होतं. त्यांनी तो आकडा पुन्हा कधी उच्चारला नाही. एक वर्ष घरी राहून पुन्हा परीक्षा द्यायची, असं ठरलं. ठरलं म्हणजे माय भात वाढताना म्हणाली, 'बस आखरी एक साल, मंग पाहू,' आणि बाबूजींनी मान हलवली. आमच्याकडे मोठे निर्णय असेच भाताच्या वाफेत व्हायचे. गोंदियात क्लास होते, पण तिथं राहायचं म्हणजे खोली आली, खानावळ आली, ते आमच्यानं होण्यासारखं नव्हतं. मग शेजारच्या गावच्या रोशनीताईकडे माय गेली. रोशनीताई आदल्या वर्षी मेडिकलला लागलेली, पंचक्रोशीतली पहिली मुलगी. तिच्याकडे सराव परीक्षांच्या दहा पुस्तिका पडून होत्या. तिनं उत्तरं वेगळ्या कागदावर लिहिलेली होती, त्यामुळे पुस्तिका कोऱ्या होत्या. मायनं तिच्या घरी नव्या तांदळाचं गाठोडं आणि कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या नेल्या आणि त्या दहा पुस्तिका लुगड्याच्या पदरात गुंडाळून आणल्या. घरात आल्यावर तिनं त्या आधी देवापुढं ठेवल्या आणि मग माझ्या हातात दिल्या.

दहाच पुस्तिका, आणि वर्ष अख्खं पुढं पडलेलं. एकदा सोडवून झाल्या की काय करायचं? प्रश्न मायनंच सोडवला. 'पेन्सिलीनं लिव्ह. मी खोडून देईन,' ती म्हणाली. 'मंग पुन्हा कोऱ्या.' आमच्या घरात काहीच एकदा वापरून टाकलं जायचं नाही. खताच्या पोत्याची पिशवी व्हायची, पिशवीचं पायपुसणं व्हायचं, आणि मागच्या सालचं निवडलेलं धान यंदाचं बियाणं व्हायचं. पेपरही तसेच वापरायचे, यात आम्हा तिघांपैकी कुणालाही काही चूक दिसली नाही. आज एखाद्या शिकल्यासवरल्या माणसाला हे सांगितलं तर तो कपाळावर हात मारील. मारू दे. आमच्या डोक्यावर बसलेला काटकसरीचा हात असा सहज उचलला जात नाही.

माझा दिवस पहाटे नाही, चांगला उजाडल्यावर सुरू व्हायचा, हे आधीच सांगून टाकते, कारण आत्मचरित्रात सगळेच पहाटे चारला उठतात. माय अंगणात सडा टाकत असायची, बाबूजी बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, गेलेले असायचे, दूरच्या राइस मिलची घरघर वाऱ्यासोबत यायची आणि जायची. न्याहारीला शिळ्या भाताला फोडणी, त्यावर टमाटरची चटणी. मग मी छपरीत दाराजवळ बसायची. तीन तास घड्याळ लावून एक पुस्तिका. तेवढा वेळ माय कोंबड्यांनाही अंगणात ओरडू द्यायची नाही, काठी घेऊन मागं लागायची, आणि त्या धावपळीचाच आवाज जास्त व्हायचा. पेपर झाला की उत्तरतालिका घेऊन मी तपासायची. बरोबर असेल त्याला चार गुण, चुकलं की एक वजा. चुकलेल्या प्रश्नाच्या खऱ्या उत्तराभोवती मी पेन्सिल दाबून दोनदा गोल काढायची, लक्षात राहावं म्हणून. ही सवय ध्यानात ठेवावी, कारण पुढं सगळं याच गोलांनी केलं.

दुपारी जेवणं आटोपली, लाखोळीच्या डाळीचं पातेलं घासून झालं, की माय हात साबणानं धुवायची, पदराला पुसायची आणि पुस्तिका मांडीवर घेऊन छपरीत बसायची. पांढरं खोडरबर तिनं गोरेगावच्या बाजारातून एकदम बारा आणलं होतं. एकेक पान डाव्या हातानं दाबून धरायची आणि उजव्या हातानं खोडायची, खर्र खर्र. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मायला इंग्रजी वाचता येत नव्हतं, मराठीही अडखळत. तिला फक्त पेन्सिल कुठं आहे तेवढं दिसायचं. पान झालं की रबराचा चुरा ती पदरानं नाही, मोराच्या पिसानं झाडायची, कारण पदरानं पान काळं होतं. एका पुस्तिकेला तिला दोन दुपारी लागायच्या. मनगट दुखायला लागलं की गरम मिठाची पुरचुंडी बांधून बसायची. मध्येच एखाद्या शरीराच्या चित्रावर बोट ठेवून विचारायची, 'हे का होय वो?' मी म्हणायची, मूत्रपिंड. 'बाप्पा, वांग्यावानी दिसून राह्यलं,' ती म्हणायची आणि पुन्हा खोडायला लागायची.

दहा पुस्तिकांची एक फेरी झाली की मी सरासरी काढायची, आणि इथं बाबूजी कथेत शिरले. पोरीचं काय चाललं आहे ते आपल्यालाही दिसावं, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी ढोलीमागच्या भिंतीचा एक पट्टा पांढऱ्या मातीनं पोतारला. शंभर गुणांना एक वीत, असं माप ठरवलं. मला किती लागतात ते विचारलं. रोशनीताईनं पाचशे ऐंशी सांगितलं होतं, तेवढे आले तर सरकारी कॉलेजात नक्की. बाबूजींनी जमिनीपासून पावणेसहा विती मोजल्या, त्यात थोडी भर घातली, आणि सुतळी ताणून तिथं आडवी रेघ मारली. ती रेघ त्यांच्या छातीपाशी आली. 'हे आपलं बांधीचं पाणी,' ते म्हणाले. 'इथवर भरलं का झालं.'

मग त्यांनी पहिल्या फेरीचा आकडा विचारला. माझी सरासरी आली होती तीनशे चार. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच हात वर करून मला थांबवलं. पहिलं माप, त्याला आकडा नाही. त्यांनी गेरूत काडी बुडवली, उकिडवे बसले आणि भिंतीच्या पार खाली, जमिनीला लागून, आपल्या सातवीपर्यंतच्या अक्षरात लिहिलं: लाभ. मला इतकं बरं वाटलं की मी हसले. इतके दिवस ज्या रिवाजाला मी हसत होते, त्यानंच माझी लाज झाकली. त्या भिंतीवर पुढं बरेच आकडे आले, पण जो एक आकडा खरा माझा होता, तो तिथं कधी लिहिलाच गेला नाही.

दुसऱ्या फेरीला सरासरी आली चारशे अठरा. मी अभ्यासही केला होता, हे माझ्या बाजूनं सांगते, सगळंच खोटं नव्हतं. बाबूजींनी चार विती मोजून खूण केली आणि त्या दिवशी जेवताना मायला दोनदा म्हणाले, 'जमिनीवरून चार वीत गेली पोरगी.' शेजारचे डोमाजीकाका धान मागायला आले तर त्यांनाही ढोलीमागं नेऊन भिंत दाखवली. डोमाजीकाकांना त्यातलं काही कळलं नाही. ते म्हणाले, 'चांगली हाय,' आणि भिंतीला पोतारा कुठल्या मातीचा दिला ते विचारलं.

तिसऱ्या फेरीत, दिवाळी उलटून गेल्यावर, एका दुपारी मी चौथी पुस्तिका घेऊन बसले होते. ऊन तिरपं झालं होतं आणि दारातून सरळ पानावर पडत होतं. भौतिकशास्त्राचा एक प्रश्न होता, मला येत नव्हता. पान जरा उचललं, आणि तिसऱ्या पर्यायाभोवती गोल दिसला. पेन्सिलीचा नव्हे. पेन्सिल मायनं साफ पुसून टाकली होती. कागदात उमटलेला, खोलगट, माझाच दाबून काढलेला दुहेरी गोल. मी बोट फिरवलं तर बोटालाही लागला. पुढच्या प्रश्नावर बोट ठेवलं, तिथंही. जिथं जिथं मी चुकले होते, तिथं तिथं खरं उत्तर खड्ड्यानं दाखवत होतं. मला चांगलं आठवतं, मी आधी घाबरले आणि लगेच तिसरा पर्याय निवडला.

स्वतःची समजूत घालण्यात मी कधीच मागं नव्हते. मी म्हटलं, तसंही हे मला आठवलंच असतं. मी म्हटलं, पाहणं आणि न पाहणं यात माझा काय दोष, डोळे आहेत तर दिसणारच. पानावरचा उजेड टाळायला मी दारापासून आत सरकून बसले, दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी पुन्हा दाराजवळ आले, आत अंधार पडतो म्हणून. फेरीची सरासरी पाचशे सत्तावीस.

त्याच सुमारास मायच्याही ते लक्षात आलं. ती पुस्तिका मांडीवर तिरपी धरून पाहत होती. म्हणाली, 'बाई, पेन्सिल जाते, पर हे निशाण जाऊन नाही राह्यले. खड्डा पडून राह्यला कागदाले. चालते का?'

मी पुस्तकातून डोकं वर केलं नाही. म्हटलं, 'चालते.'

एवढंच बोलले. एक शब्द. आयुष्यात मी यापेक्षा मोठी थापही मारली आहे, ती पुढं येतेच, पण मला टोचतो तो हा शब्द. कारण मायनं विचारलं होतं. तिनं तिच्या कामातली खोट स्वतः उचलून माझ्यापुढं धरली होती, आणि मी नाही म्हटलं असतं तर तिनं कुठूनही दुसरे पेपर आणले असते. माय अशीच होती. चिखलात पाय घालून पुन्हा रोशनीताईकडे गेली असती.

चौथी फेरी सहाशे चार. पांढऱ्या पट्ट्यावर आता गेरूची खूण सुतळीच्या रेघेच्या वर होती. त्या दिवशी मायनं पुरणाच्या पोळ्या केल्या, सणवार नसताना. बाबूजींनी मला उगाच विचारलं, 'डाक्टर झाल्यावर मले सुई टोचशील का?' मी म्हटलं, टोचीन. 'हळू टोच,' ते म्हणाले. ते कधी अशी थट्टा करणारे नव्हते. मला पोळी गोड लागली नाही असं लिहायचा मोह होतो, पण लागली. मी चार खाल्ल्या.

मार्च लागला. जंगलाकडून मोहाचा वास यायला लागला, पहाटे पोरंबायका टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला जाऊ लागल्या. तेव्हा बाबूजी एक दिवस नर्सिंगच्या कॉलेजची माहिती घेऊन आले. गोंदियातलंच कॉलेज, डोमाजीकाकांच्या पुतणीनं तिथं अर्ज केला होता. अर्ज भरायची शेवटची तारीख सोमवारी. त्याच्या आदल्या रविवारी गोंदियात एका क्लासची मोठी सराव परीक्षा होती, बाहेरच्या मुलांनाही बसता यायचं. बाबूजींनी साधा हिशेब मांडला. 'आयतवारी जाऊन पेपर देऊन ये. कमी आले तं सोमवारी हा फारम भरून ठेवू. हाताशी एक असलेलं बरं.' एवढा समंजस विचार आमच्या घरात त्या वर्षभरात दुसऱ्या कुणी केला नव्हता. मी मान हलवली. मला वाटत होतं, खड्डे नसले तरी आपल्याला पाचशे तरी पडतीलच. माणूस स्वतःला फसवायला लागला की कंजुषी करत नाही.

रविवारी एसटीनं गोंदियाला गेले. मोठा हॉल, पंखे, दीडदोनशे मुलं, सगळी आपापसात हिंदीत बोलणारी. पेपर हातात आला. पान उलटलं आणि माझी बोटं आपोआप पर्यायांवरून फिरली. गुळगुळीत. कोरा, ताजा, थंड कागद. मी तीन तास त्या गुळगुळीत कागदाकडे पाहत बसले. प्रश्न ओळखीचे वाटायचे, उत्तर यायचं नाही. अर्धा तास उरला तेव्हा मी अंदाजानं गोल भरले.

त्यांनी तिथंच यंत्रावर तपासून दुपारी चिठ्ठ्या वाटल्या. तीनशे सव्वीस. चिठ्ठी देणाऱ्या सरांनी माझ्याकडे पाहून विचारलं, घरी सराव करतेस का. मी वहीतल्या सरासऱ्या दाखवल्या, का दाखवल्या कोण जाणे, कदाचित यंत्र चुकलं असं त्यांनी म्हणावं म्हणून. ते वही पाहत राहिले.

'ये सब अलग अलग पेपर हैं?' त्यांनी विचारलं.

'नाही. हां. मतलब दस पेपर हैं. वही.'

'वही दस पेपर? चार बार?' त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. 'तो फिर ये सब लिखा किसलिए, बेटा? पहलीवाली लाइन देखो. तीन सौ चार. आज तीन सौ छब्बीस. तुम्हारा नंबर यही है.' वही परत देताना ते हलक्या आवाजात म्हणाले, 'घर में बता देना. कोई और फॉर्म भी भर देना.'

अनोळखी माणूस, पाच मिनिटांत त्यानं माझं वर्ष वाचून दाखवलं. त्यांचा मला राग आला. आज येत नाही. त्या वर्षात मला खरं सांगणारे ते एकटेच.

एसटीत मी खिडकीशी बसले आणि सगळं पाठ करत आले. बाबूजी, कमी आले, फारम भरा. एवढंच म्हणायचं होतं. गोरेगावला उतरले तर बाबूजी फटफटी घेऊन उभे होते. एरवी मी फाट्यावरून पायी यायची, ते कधी घ्यायला यायचे नाहीत. धुतलेला सदरा घातला होता. सोबत डोमाजीकाका, त्यांना बाजारातून नांगराचा फाळ घ्यायचा होता. मी जवळ गेले.

'किती?' बाबूजींनी विचारलं.

त्यांच्या बोटाला गेरू लागलेला होता. सकाळीच कालवून ठेवला असणार. मी ते बोट पाहिलं, आणि म्हटलं, 'सहाशे एकतीस.'

सहाशे म्हणता आलं असतं. एकतीस कशाला जोडले, तर खरं वाटावं म्हणून. डोमाजीकाका म्हणाले, 'मंग त्या नर्सिंगच्या फारमाचं का करता गा?' आणि बाबूजी गाडीला किक मारता मारता म्हणाले, 'सहाशेवालीले नर्सिंग कायले? एखाद्या गरजू पोरीची जागा काऊन अडवाची?' डोमाजीकाका बाजाराकडे वळले, मी मागं बसले. वाटेत दोन्ही बाजूंना धान कापलेल्या रिकाम्या बांध्या होत्या, आणि मी रस्ताभर म्हणत होते की फाट्यापर्यंत सांगीन, पुलापर्यंत सांगीन, आंब्यापर्यंत सांगीन. घर आलं. बाबूजींनी गाडी उभी करून आधी भिंत गाठली. सोमवार माझ्यासमोरून गेला, मी तो पाहिला. मंगळवारी मला हलकं वाटलं, कारण आता सांगून उपयोगच नव्हता.

त्यानंतरचे दोन महिने मी अभ्यास केला का, असं कुणी विचारलं तर मला आठवत नाही. बसलेली असायची. पाचवी फेरीही झाली, सहाशे अठ्ठेचाळीस, मायनं तीही खोडली. खरी परीक्षा मेमधल्या कडक उन्हात झाली. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. बाहेर आल्यावर मायनं पाण्याची बाटली पुढं केली आणि 'सोपा होता का?' विचारलं. मी म्हटलं, होता.

निकाल आला त्या दिवशी बाबूजी पऱ्हे टाकत होते, म्हणजे धानाची रोपं तयार करायला वाफ्यात बियाणं फेकत होते. मोबाइलची रेंज बांधावरच मिळायची, म्हणून मी तिथंच गेले. तीनशे नऊ. बाबूजींनी मोबाइल हातात घेतला, उन्हातून सावलीकडे वळवून पाहिला, मला परत दिला. 'असं कसं झालं?' ते म्हणाले. 'दुसऱ्याचा पेपर अस्सन. पेपर बदलले असन तेहीनं.' मी टोपली उचलून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी टोपलीत उरलेलं बियाणं आधी फेकून संपवलं, हात झटकले आणि घरी आले. हातपाय धुतले, ढोलीमागं गेले. मला वाटलं रागानं पुसून टाकतील. त्यांनी उकिडवं बसून जमिनीपासून तीन विती मोजल्या, वर थोडं, आणि खूण केली. ती गुडघ्याच्या जरा वर आली, बाकी सगळ्या खुणांच्या खाली, फक्त त्या लाभच्या वर. ते बराच वेळ वरखाली पाहत राहिले. सहाशे एकतीसच्या माणसाचं तीनशे नऊ कसं होतं, हे त्यांना कळत नव्हतं, आणि कळायला जो आकडा लागत होता, तो त्यांनीच लाभ म्हणून जमिनीशी लिहून टाकला होता. माझ्याशिवाय तो कुणाला माहीत नव्हता. त्यांनी पेपर पुन्हा तपासायला अर्ज टाकला, त्याचं उत्तरही तेच आलं. त्या साली धान ढोलीत भरताना त्यांनी खुणा दुसऱ्या भिंतीवर केल्या.

मी नर्स झाले नाही, डॉक्टर तर नाहीच. अंगणवाडीत लागले, तेव्हापासून गावातल्या लेकरांची वजनं वहीत लिहिते. माझ्या हाताखालच्या मदतनीस बाया मला छळवादी म्हणतात, कारण लेकरू रडलं, काटा हलला, की मी पुन्हा वजन घ्यायला लावते. म्हणू दे. त्यानं माझं वर्ष काही परत आलं नाही. बाबूजी गेले, नंतर मायही गेली. घर पाडून आम्ही स्लॅबचं बांधलं, ढोली आधीच उंदरांनी संपवली होती. मी दोघांनाही शेवटपर्यंत सांगितलं नाही. बाबूजींना सांगायचं धाडस नव्हतं. मायचं वेगळं आहे.

निकालानंतर चार दिवसांनी, दुपारी, जेवणं आटोपल्यावर, मला छपरीतून खर्र खर्र ऐकू आलं. मी बाहेर आले. माय पहिली पुस्तिका मांडीवर घेऊन बसली होती. पाचव्या फेरीनंतर तिनं ती एकदा खोडलेली होती, त्यावर पेन्सिल उरलेलीच नव्हती. ती खड्डे खोडत होती. मला पाहून थांबली नाही. म्हणाली, 'मी बराबर नाही खोडलो वो बाई. निशाण राहून गेले म्हून तुह्या डोस्क्यात घोळ झाला अस्सन. तू म्हणलीस चालते, पर मलेच समजाले पाह्यजे होतं.'

इथं मी बोलायला हवं होतं. तिथं माझ्या पायांशी माझी माय बसून माझा गुन्हा आपल्या अंगाला लावून घेत होती, आणि मला फक्त इतकंच म्हणायचं होतं की माय, तुझ्या हातानं नाही, माझ्या डोळ्यांनी झालं. शब्द सगळे तयार होते. मी उंबऱ्यावर बसले. तिनं रबर बदललं, नव्या रबराचं कोरं टोक त्या दुहेरी गोलावर ठेवलं आणि जोर लावून घासायला लागली. कागद पाचदा खोडून आधीच तलम झाला होता. पान मधोमध फाटलं.

माय मग उठून आत गेली, भाताची दोन शितं बोटावर घेऊन आली, चिरडून त्यांची खळ केली आणि फाट जुळवून चिकटवली. हातानं दाबून धरली. पुस्तिका उचलून उजेडाकडे तिरपी केली. गोल तिथंच होता.

'पुढल्या सालाले,' ती म्हणाली, 'चालते का?'

मी म्हटलं, 'चालते.'